हळद पॉलिशच्या ड्रमची ड्राइव्ह रोज दुपारी ट्रिप. हीट सिंक मोठं केलं तरी तेच!

कुपवाड_रिपेअर
१४ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. कुपवाडला माझं ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा इन्व्हर्टर), यूपीएस, वेल्डिंग इन्व्हर्टर रिपेअरचं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं हेच करतोय, आयजीबीटी (ड्राइव्हमधला पॉवर स्विच) उडणं मला नवीन नाही. पण या एका मशीनने पार नाक कापलंय, म्हणून इथे लिहितोय.

गिऱ्हाईक हळदवाले. शेडमध्ये पॉलिशचा ड्रम, त्याला १५ एचपीची मोटर आणि ११ किलोवॅटची ड्राइव्ह. आधीची ड्राइव्ह उघडी भिंतीवर होती. दोन सीझनमध्ये आतली बोर्डं पिवळीधमक झाली. हळदीचा धुरळा कोरडा नसतो, किंचित तेलकट असतो. बोटाने पुसायला गेलं की निघत नाही, पसरतो. म्हणून यंदा मीच सुचवून नवी ड्राइव्ह बंद पॅनलमध्ये घातली. रबर गॅस्केट, केबल ग्लँड, मुंगी शिरणार नाही असं टाइट. पॅनल ८०० मिमी उंच, ६०० रुंद, ३०० खोल, भिंतीला चिकटवून बसवलंय.

फेब्रुवारीत झकास चाललं. मार्चच्या मध्यापासून दुपारी ओएच (ओव्हरहीट) फॉल्ट यायला लागला. चालू केल्यापासून बरोबर ५० मिनिटांनी ट्रिप. मालक पाच मिनिटं थांबून रिसेट मारायचे, परत दहा मिनिटं चालायचं, परत ट्रिप. मार्च संपता संपता आयजीबीटीचं मॉड्यूल शॉर्ट.

मला वाटलं कंपनीने सिंक (मॉड्यूलची उष्णता हवेत टाकणारा फिन्सवाला ॲल्युमिनियमचा ठोकळा) छोटं दिलंय. मूळ सिंक ३ किलोचं होतं. मिरजेतल्या भंगारवाल्याकडून जाड प्रोफाइल आणलं, ७ किलोचं, मिलिंगवर फेस मारून घेतला, नवीन मॉड्यूल त्यावर बसवलं. शिवाय पॅनलच्या आत एक जादा फॅन. तरी १ तास ५ मिनिटांनी ट्रिप! मग दार उघडून सिंकवर आयआर गन (लांबून तापमान मोजणारी) मारली तर ४८ अंश. म्हटलं सिंक तर थंड आहे, सेन्सरच खोटं बोलतोय. एनटीसीच्या (तापमानाच्या सेन्सरच्या) जागी रेझिस्टर टाकून दिला. (हो, माहिती आहे. शिव्या नंतर घाला.) दोन दिवस चाललं, परवा दुसरं मॉड्यूलही गेलं.

आता विचार असा की तांब्याचं सिंक करून घ्यावं का? की आहे तेच काळं ॲनोडाइझ करावं? की अजून लांब घ्यावं? मालक म्हणतात, "तुझ्या सिंकनं नुसतं पॅनल जड झालं."

अतिशहाणा
१४ एप्रिल, रात्री ११.०५

तांब्याचंच लावा. आमच्या आजीचा बंब तांब्याचा होता, चार काटक्यांत पाणी कढत. जुन्या लोकांना कळत होतं.

सांगलीची_सून
१४ एप्रिल, रात्री ११.५०

माहेर पुणे, सासर विश्रामबाग, काम इन्व्हर्टर डिझाइनचं. म्हणून झोप बाजूला ठेवून लिहिते.

तांब्याचं आधी. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, शुद्ध ॲल्युमिनियमची २३७, आणि बाजारात जे प्रोफाइल मिळतं त्या ६०६३ मिश्रधातूची साधारण २००. सगळे आकडे वॅट प्रति मीटर केल्व्हिन. म्हणजे तांबं दुप्पट चांगलं, कबूल. पण ते ॲल्युमिनियमच्या सव्वातीन पट जड असतं. तुमचं ७ किलोचं सिंक तांब्यात २३ किलोचं होईल आणि मालक पॅनलऐवजी तुम्हाला भिंतीला टांगतील. दुसरं म्हणजे ६०६३ चा ठोकळा ४५०-५०० अंशांना तापवून सोऱ्यातून चकली काढावी तसा साच्यातून दाबून काढता येतो, म्हणून एवढ्या बारीक फिन्स एवढ्या स्वस्तात मिळतात. तांब्याला ते लाड परवडत नाहीत. आणि फिनच्या मुळापासून टोकापर्यंत तापमान पडतं ते दोन-चार अंश. तांबं लावून त्यातले निम्मे वाचतील. तुमचं दुखणं निम्म्या-शिम्म्या अंशांचं नाही.

आता गन. चकचकीत मिलिंग केलेलं ॲल्युमिनियम स्वतः इन्फ्रारेड फारसं सोडतच नाही, समोरचं परावर्तित करतं. तुम्ही सिंकचं तापमान मोजलं नाहीत, शेडचं आणि थोडंसं स्वतःच्या शर्टाचं मोजलंत. सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर गन मारा. किंवा सरळ मल्टिमीटरचा थर्मोकपल लावा.

उद्या ड्राइव्ह चालवता आली तर चार आकडे द्या: शेडमधली हवा, पॅनलच्या आतली हवा (वरच्या भागात, कुठल्याही पत्र्याला न टेकता), मॉड्यूलशेजारी सिंक, आणि मोटरचे अँपिअर. दार बंद ठेवून मोजा. वायर ग्लँडमधून आत घ्या. आणि तो रेझिस्टर काढून एनटीसी परत जोडा, आधी ते.

कंदी_पेढा
१५ एप्रिल, सकाळी ८.१५

सातारा एमआयडीसीत डायकास्टिंगला आहे. गन-टेपवाली युक्ती +१, आमच्याकडे नवीन पोरं दर वर्षी यात फसतात.

काळ्या रंगाबद्दल: पॉलिश ॲल्युमिनियमची उत्सर्जकता ०.०५ च्या आसपास, ॲनोडाइझ केलेल्याची ०.८ च्या पुढे. त्यामुळे फॅन नसेल तर ॲनोडाइझचा खरंच फायदा होतो. पण तो थराचा गुण आहे, रंगाचा नाही. साधं चंदेरी ॲनोडाइझही इन्फ्रारेडला जवळजवळ काळंच असतं. फॅन असेल तर वारा एवढी उष्णता नेतो की रंग काढला काय अन् ठेवला काय.

जाता जाता, कुणी फाउंड्रीतून सिंक ओतून घ्यायचा विचार करत असेल तर थांबा. आम्ही जे एडीसी१२ ओततो त्याची वाहकता ९६ च्या घरात, प्रोफाइलच्या निम्मी. वर आत छिद्रं राहतात ती वेगळीच. पंपाच्या बॉडीला चालतं, सिंकला विचार करून.

कुपवाड_रिपेअर
१५ एप्रिल, रात्री ९.२०

दुसऱ्या एका ड्राइव्हचं मॉड्यूल काढून तात्पुरतं बसवलं, मूळ ३ किलोच्या सिंकवर, एनटीसी जोडून. दुपारी दोनला ट्रिप झाली तेव्हाचे आकडे:

शेड ३७. पॅनलची हवा ७४. सिंक ९५ (टेपवर गन ९४, थर्मोकपल ९५. टेपशिवाय गन ४६! हसू का रडू). मोटर १८ अँपिअर, ड्राइव्ह २४ ची आहे.

सिंक बिचारं खरंच तापत होतं. सेन्सर खरं बोलत होता आणि मी त्याचंच तोंड बंद केलं.

सांगलीची_सून
१५ एप्रिल, रात्री १०.३५

छान मोजलंत. आता हे बघा: सिंक त्याच्या आजूबाजूच्या हवेपेक्षा २१ अंशच जास्त आहे. सिंक उत्तम काम करतंय. पण त्याच्या आजूबाजूची हवाच ७४ आहे!

हिशोब मांडते. अशा ड्राइव्हमध्ये पुरवठ्याच्या साधारण दोन ते तीन टक्के वीज उष्णता होऊन जाते. १८ अँपिअरला ती सुमारे २४० वॅट धरू. ही सगळी उष्णता सिंकने पॅनलच्या हवेला दिली. हवेने ती पत्र्याला दिली. पत्र्याने ती शेडमध्ये टाकायची. रंगवलेल्या लोखंडी पॅनलला धोपटमार्गाचा आकडा आहे: दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साडेपाच वॅट. तुमच्या पॅनलची समोरची बाजू ०.४८, दोन्ही कडा मिळून ०.४८, वरचा पत्रा ०.१८. पाठ भिंतीला चिकटलेली, ती धरायची नाही. एकूण १.१४ चौरस मीटर. साडेपाचने गुणा: प्रत्येक अंशाला ६.३ वॅट. २४० भागिले ६.३, म्हणजे ३८ अंश. ३७ मध्ये ३८ मिळवा, ७५. तुम्ही मोजलंत ७४.

आता मोठ्या सिंकने १५ मिनिटं का वाढवून दिली, तेही सांगते. ४ किलो ॲल्युमिनियम जास्त घातलंत. एक किलोला एक अंश तापायला सुमारे ९०० जूल लागतात. ५० अंश तापवायला ४ × ९०० × ५० = १,८०,००० जूल. २४० वॅटने भागा, ७५० सेकंद, साडेबारा मिनिटं. तुम्ही सिंक नाही, मोठी बादली आणलीत. भरायला वेळ जास्त लागला, एवढंच. बादलीला भोक नव्हतंच.

आणि आतला जादा फॅन म्हणजे दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीतला पंखा. वारा लागतो, खोली थंड होत नाही. उलट पंख्याच्या मोटरची चार वॅटची भर.

हळदीला हवाबंद ठेवणं मानवतं, ड्राइव्हला नाही. तुमचं पॅनल हरिपूरचं पेव (हळद साठवायचं जमिनीतलं कोठार) झालंय.

हरिपूरकर
१५ एप्रिल, रात्री ११.१०

पेवाचं नाव काढलंत म्हणून लॉगिन केलं. 😄 अरुंद तोंड, खाली मोठं पोट, भरलं की तोंड लिंपायचं. आत हवा नाही म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. बाकी सिंकमधलं काही कळत नाही पण वाचतोय. चालू द्या.

कुपवाड_रिपेअर
१५ एप्रिल, रात्री ११.३०

साडेबारा मिनिटं! मी तो फरक वहीत लिहून ठेवला होता आणि "सिंकचा थोडा फायदा दिसतो" असा शेरा मारला होता. चौदा वर्षांत कुणी पॅनलच्या पत्र्याचं क्षेत्रफळ काढायला लावलं नव्हतं.

मग आता करू काय? व्हेंट पाडले तर धुरळा आत. फिल्टर फॅन लावला तर फिल्टर तीन दिवसांत चोंदतो, आधी करून बघितलंय. पिवळी चटई होते त्याची.

जुना_फिटर
१६ एप्रिल, सकाळी ६.५०

बाईंनी हवेचा हिशोब चोख मांडला. पण दोन मॉड्यूल गेली त्याला एवढं एकच कारण नसणार. मी पस्तीस वर्षं मशीन शॉपला काढली, त्यामुळे मला फेसचीच शंका येते. कुपवाडकर, तुम्ही ते भंगारातलं प्रोफाइल मिलिंगवर कसं धरलं होतं? फिन्सला दोन्ही बाजूंनी व्हाइसमध्ये आवळलं असणार. आवळल्यावर बेस किंचित वाकतो, त्या वाकलेल्या अवस्थेत कटर सपाट फेस मारतो, व्हाइस सोडली की बेस सरळ होतो आणि फेस वाकडा. डोळ्याला आरसा दिसतो.

मॉड्यूल काढलंय ना? मॉड्यूल आणि सिंकमधल्या थर्मल पेस्टचा ठसा कसा आहे ते बघा, पुसू नका. आणि चांगली स्टीलची पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा.

कुपवाड_रिपेअर
१६ एप्रिल, दुपारी १.१५

फिटरकाका, पाया कुठे आहेत तुमचे?

व्हाइसमध्ये फिन्सलाच आवळलं होतं. मोठ्या सिंकवरचा ठसा असा: चारही कोपऱ्यांत पेस्ट दबून पारदर्शक झालेली, खालचा धातू दिसतो. मधे मात्र हाताच्या अंगठ्याएवढ्या दोन जागी पेस्ट जशी लावली तशीच, ब्रशच्या रेघांसकट. तिथे मॉड्यूल टेकलंच नव्हतं. पट्टीखाली ०.१० चा गेज आरपार जातो, ०.१५ चा अडकत जातो.

पेस्टही मी भरपूर लावतो. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवावा तशी. वाटायचं जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंड.

सांगलीची_सून
१६ एप्रिल, दुपारी २.०५

काका ग्रेट. यालाही आकडे लावते, म्हणजे गांभीर्य कळेल. मॉड्यूलचा तळ ४० चौरस सेंमी धरू. ०.०५ मिमी पेस्ट, वाहकता १ : २४० वॅटला जेमतेम ३ अंश. पेस्ट ०.२ मिमी झाली तर १२ अंश. आणि तेवढ्याच तळाखाली पेस्टऐवजी ०.१ मिमी हवा असती, म्हणजे एका कागदाच्या जाडीची, तर हिशोबाने २३० अंश! हवेची वाहकता ०.०२६ आहे, दुसरं काही नाही. पूर्ण तळाखाली अशी फट कधी नसते म्हणून मशीन चालतं, पण बरोबर चिपखाली टिकलीएवढी असली तरी ती चिप गेली.

पेस्टचं काम धातूंमधली हवा हुसकायचं. जिथे धातू धातूला टेकतो तिथे ती नकोच असते.

जुना_फिटर
१६ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

फेस दुरुस्त करायला परत मिलिंग नको. सरफेस प्लेटला ब्लू (खूण उठवणारा निळा रंग) लावा, सिंक घासून बघा कुठे लागतं, उंचवटे स्क्रेपरने काढा. दोन तासांचं काम, पण कंटाळा करायचा नाही. प्लेट नसेल तर जाड काचेवर ४०० चा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा. मधला खड्डा जाईपर्यंत कोपरे खाली आणायचे आहेत, हे लक्षात ठेवा.

पेस्ट जुन्या व्हिजिटिंग कार्डाने ओढा, खालचा धातू धूसर दिसला पाहिजे. स्क्रू समोरासमोरचे, आधी सगळे हलके, मग डेटाशीटला दिलाय तेवढा टॉर्क. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात की तळ उचलला जातो. एकदा चालवून गरम करा, थंड झाल्यावर परत टॉर्क बघा. पेस्ट वाहून जागा देते.

जतचा_शेतकरी
१६ एप्रिल, रात्री ८.४५

तुमचं वाचून मला बी इचारायचं हाय. आमचा ५ एचपीचा सोलर पंप. कंट्रोलर बाहेर खांबाला, मागं काळ्या फिनांचं सिंक. पहिली दोन वर्षं काय तक्रार न्हाई. यंदा दुपारी बारा ते तीन बंद पडतो, म्हंजे उन्हाचा ऐन टायम वाया. कुणीतरी सांगितलं वलं गोणपाट टाका. टाकू का?

सांगलीची_सून
१६ एप्रिल, रात्री ९.००

दादा, ओलं गोणपाट अजिबात नको. त्यातून पाणी टर्मिनलवर गेलं तर कंट्रोलर जाईलच, हात लावणाऱ्यालाही धोका. शिवाय वाळलं की ते गोणपाट गोधडीचं काम करतं.

दोन गोष्टी बघा. दुपारी ऊन थेट सिंकवर पडतं का? ऐन उन्हात चौरस मीटरला १,००० वॅटच्या आसपास ऊर्जा येते आणि काळं सिंक ती जवळजवळ सगळी पितं. कंट्रोलर सोलर प्लेटांच्या सावलीत, जमिनीपासून उंच सरकवता येतो का? दुसरं, पंप बंद करून, वीज तोडून, मागच्या फिन्समध्ये बॅटरी मारून बघा, वरून खाली उजेड आरपार येतो का.

जतचा_शेतकरी
१७ एप्रिल, सकाळी ७.१०

ताई, बॅटरी मारली. उजेड न्हाई आला! कुंभारीण माशीनं घरं केल्यात मातीची, निम्म्या फिना लिंपून टाकल्यात. एक घर फोडलं तर आत अळ्या. दोन वर्षं चाललं आन् यंदाच कसं बिघडलं म्हणून डोकं खाजवत हुतो.

कंदी_पेढा
१७ एप्रिल, सकाळी ९.३०

हाहा, कुंभारीण! फॅन नसलेल्या सिंकमध्ये गरम हवा वर जाते, खालून गार येते. एवढ्याच ओढीवर सगळं चालतं. खालचं तोंड बंद केलं की चूल बंद. माती काढा, पण स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, ओल्या ब्रशने भिजवून काढा. उन्हातून हलवणं जमत नसेल तर सिंकला पातळ पांढरा ऑइलपेंट मारा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि इन्फ्रारेडला मात्र काळ्याइतकाच मोकळा असतो. थर पातळ हं, भिंत रंगवल्यासारखा नको.

जतचा_शेतकरी
१७ एप्रिल, रात्री ८.००

माती काढली, कंट्रोलर प्लेटांखाली घेतला. आज एकदा बी बंद पडला न्हाई. रंग मारत बसलो न्हाई. उपकार झाले.

महाबळेश्वर_गारठा
१८ एप्रिल, दुपारी १२.२०

माझी एक भर. इथे एका हॉटेलच्या लिफ्टची ड्राइव्ह मी बघतो. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक अष्टमांश विरळ. तेवढाच फॅन कमी हवा नेतो. बहुतेक ड्राइव्हच्या पुस्तकात १,००० मीटरच्या वर दर १०० मीटरला १ टक्का करंट कमी धरा असं असतं. इथे गारवा असल्याने भागून जातं. सांगलीला या भानगडीत पडू नका, तुम्ही हजाराच्या बरेच खाली आहात.

सांगलीची_सून
१८ एप्रिल, रात्री १०.००

कुपवाडकर, तुमच्या "करू काय"चं उत्तर राहिलंच होतं. सिंक पॅनलच्या बाहेर काढा. पाठीच्या पत्र्याला चौकट कापा, सिंकचा बेस आतून दिसेल, फिन्स बाहेर. कडेने गॅस्केट. मॉड्यूल आत, धुरळ्यापासून सुरक्षित. उष्णता थेट शेडमध्ये. पॅनल भिंतीपासून किमान १५० मिमी पुढे स्टँडवर घ्या आणि फिन्स उभ्याच ठेवा. आडव्या ठेवल्या तर मघाची चूल पेटत नाही. आत उरतील ते कंट्रोल कार्ड, कॅपॅसिटर, सप्लाय यांचे पस्तीसेक वॅट. ६.३ ने भागा, पाच-सहा अंश. पत्रा तेवढे आरामात टाकेल.

सिंकला अर्थिंग पक्कं करा, मॉड्यूलचा तळ आतून इन्सुलेटेड असला तरीही. ते ७५-८० अंश तापणार, म्हणून बाहेरून जाळी. तुमचं ७ किलोवालं केवढं आहे? फिन्समधलं अंतर किती?

कुपवाड_रिपेअर
१८ एप्रिल, रात्री १०.४०

३०० बाय ३००, फिन्स ७५ मिमी उंच, मधली मोकळी जागा ८. अजून लांबीचा तुकडा भंगारवाल्याकडे आहे, ६०० चा मिळेल.

सांगलीची_सून
१८ एप्रिल, रात्री १०.५५

८ मिमी म्हणजे बिनफॅनच्या सिंकला अगदी योग्य. फॅनवाल्या सिंकच्या २-३ मिमी फिन्स इथे चालल्या नसत्या, त्या आठवड्यात हळदीने भरल्या असत्या. ६०० नको. उभी लांबी दुप्पट केली तर क्षमता दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होते, कारण वरच्या अर्ध्याला खालच्याची उष्टी गरम हवा मिळते. रुंदी वाढवता आली तर वेगळं.

कंदी_पेढा
१९ एप्रिल, सकाळी ८.४०

माझं थोडं वेगळं मत. बाहेर एक छोटा फॅन लावाच. मे महिन्यात शेड ४१-४२ ला जाईल, बिनफॅनचं सिंक काठावर येईल. आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी किती ठेवलीय? ८ किलोहर्ट्झ असेल तर ४ करा. आयजीबीटी जितक्या वेळा चालू-बंद होते तितकी दरवेळी थोडी उष्णता सोडते. मोटर जरा कुईऽऽ करेल, पण पॉलिशच्या ड्रमच्या खडखडाटात कुणाला ऐकू येणार?

जुना_फिटर
१९ एप्रिल, सकाळी ९.१५

हळदीच्या शेडमध्ये फॅन म्हणजे पहिल्या सीझनचा पाहुणा. बेअरिंग चिकटतं, फॅन थांबतो आणि थांबलेला फॅन वाट अडवून बसतो. कॅरिअर कमी करा, फॅन नको.

सांगलीची_सून
१९ एप्रिल, सकाळी १०.००

फिटरकाकांच्या बाजूने. आणि अजून एक, कुपवाडकर: ते डीसी कॅपॅसिटर बदला. १० अंश वाढले की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य निम्मं होतं, आणि तुमचे महिनाभर ७४ च्या हवेत शिजलेत. आयजीबीटी फटाक्यासारखी उडते म्हणून दिसते. हे गपचूप जातात.

कुपवाड_रिपेअर
२ मे, रात्री ९.५०

उशीर झाला, लग्नसराईत जनरेटर-यूपीएसची कामं होती. वृत्तांत देतो.

ज्या सिंकला महिनाभर शिव्या दिल्या तेच बाहेर काढलं. फेस काकांच्या पद्धतीने, शेजारच्या टूलरूमची सरफेस प्लेट मागून. दोन तास म्हणाले होते, मला साडेचार लागले. मधे दोनदा वैतागून चहाला गेलो. शेवटी ०.०५ चा गेज कुठूनच शिरेना तेव्हा थांबलो. पेस्ट कार्डाने ओढली, टॉर्क रेंच उसना आणला. आयुष्यात पहिल्यांदा मॉड्यूलला टॉर्क रेंच लावला, हेही कबूल करतो. चाचणीनंतर एकदा मॉड्यूल मुद्दाम उचलून ठसा बघितला: मधेही धातू दिसत होता, ब्रशची एक रेघ नाही. पुसून परत बसवलं.

पॅनल स्टँडवर, भिंतीपासून १५० पुढे. कॅपॅसिटर नवे. कॅरिअर ४. फॅन एकही नाही, आतला पण काढला. एनटीसी जागेवर, आणि रेझिस्टर मालकांसमोर कचऱ्यात टाकला.

कालचे आकडे, दुपारी एक ते चार सलग: शेड ३९, पॅनलची हवा ४५, सिंक ७८, मोटर १८ अँपिअर. दीड तासानंतर सिंकचा काटा जागचा हलला नाही. ट्रिप नाही. आठवडा झाला, ट्रिप नाही.

धुरळा फिन्सवर बसतोच, पण ८ मिमीच्या फटीत चुना मारायचा ब्रश आरामात जातो. मालकांनी तो पॅनलच्या कडीला सुतळीने बांधून ठेवलाय आणि दर सोमवारी पोराकडून फिरवून घेतात. मीटरपेक्षा त्यांचा त्या ब्रशवर जास्त विश्वास बसलाय.

दोन मॉड्यूलचे पैसे मी मालकांकडून घेतले नाहीत. दुसरं तर सरळसरळ माझ्याच रेझिस्टरने मारलं.

मूळचं ३ किलोचं सिंक फॅनसकट शिल्लक आहे, फेस उत्तम. कुणाला हवं असल्यास व्यनि करा.

अतिशहाणा
२ मे, रात्री १०.०२

तांब्याचं आहे का?